संकट जात पाहत नाही म्हणे. मग पंचनामा का पाहतो?

पूर आला, भूकंप झाला, दरड कोसळली की एक वाक्य हमखास ऐकू येते. "निसर्गापुढे सगळे सारखेच." कोणी म्हणते, संकट जात पाहत नाही. कोणी म्हणते, पुराने सगळे भेदभाव धुऊन नेले. मदतफेरीच्या फलकावर, नेत्याच्या भाषणात, व्हॉट्सॲपच्या निरोपात हे वाक्य फिरत राहते आणि ऐकणाऱ्याला बरे वाटते.

या वाक्याचा एक भाग आम्हाला मान्य आहे. जमीन हादरते तेव्हा ती कोणाच्या शाळेच्या दाखल्यावरची जात वाचत नाही. पण जमीन हादरायच्या आधी कोण कुठे राहत होता, कोणाचे घर ओढ्याच्या काठाला होते आणि कोणाचे उंचावर, हे निसर्गाने ठरवलेले नसते. जमीन थांबल्यावर प्रेते कोणी उचलायची, पाण्याच्या टाकीला कोणी हात लावायचा आणि नुकसानीच्या यादीत कोणाचे नाव घ्यायचे, हेही निसर्ग ठरवत नाही. आपत्ती म्हणजे तेवढे दोन मिनिटांचे हादरे किंवा चार दिवसांचे पाणी नव्हे. तिच्या आधीची शंभर वर्षे आणि नंतरची दहा वर्षे धरली तरच ती पुरती दिसते. त्यातला मधला तुकडा कापून दाखवला की सगळे सारखे दिसतात.

आमचे म्हणणे दोन वाक्यांत असे आहे. आपत्तीनंतर आपल्या माणसांनी दाखवलेल्या धैर्याला धैर्य म्हणत नाहीत, त्यांचे काम म्हणतात. आणि आपल्या माणसांचे नुकसान हे नुकसान धरत नाहीत, कारण ते कागदावर नसते.

सुरुवात जुन्या उदाहरणापासून करू. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. त्या वेळी गांधीजींनी जाहीरपणे सांगितले की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्यावर उघड आक्षेप घेतला. नैसर्गिक घटनेला असे कारण चिकटवणे अविवेकी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. टागोरांचा आक्षेप योग्यच होता. पण आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. शिक्षा अस्पृश्यता पाळणाऱ्यांना होती, तर अस्पृश्यांची घरे का पडली? त्यांनी कोणते पाप केले होते? ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही त्याच ढिगाऱ्याखाली गाडून 'न्याय' करणारा ईश्वर आम्हाला नको. या विचारात आणखी एक धोका आहे. अन्यायाचा हिशेब देवाच्या खात्यावर टाकला की माणसाच्या खात्यावर काहीच उरत नाही. मग तहसीलदाराला कोणी विचारत नाही, गावाला विचारत नाही, सरकारला विचारत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला देवाकडे नव्हे, माणसाकडे आणि कायद्याकडे बोट दाखवायला शिकवले. म्हणून तसेच पाहू.

२६ डिसेंबर २००४. हिंदी महासागरातल्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामीच्या लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या. राज्यात सुमारे ८ हजार माणसे मेली. त्यातली ६ हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यातली. या जिल्ह्याचे नाव आपल्या तरुणांनी दुसऱ्या एका कारणानेही लक्षात ठेवले पाहिजे. याच भागातल्या कीळवेण्मणी गावात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित शेतमजुरांना, त्यात बहुतेक स्त्रिया आणि मुले, एका झोपडीत जिवंत जाळले गेले. मजुरी वाढवून मागणे एवढाच त्यांच्या माणसांचा गुन्हा होता. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार सुटले. म्हणजे त्सुनामी आली ती कोऱ्या किनाऱ्यावर नव्हे. जमीन कोणाची आणि राबायचे कोणी, हे तिथे आधीच रक्ताने लिहून झालेले होते.

लाट ओसरली आणि किनाऱ्यावर प्रेते उरली. चिखलात रुतलेली, झुडपांत अडकलेली, होड्यांखाली दबलेली. घरचे लोक भीतीने आणि दुःखाने सुन्न होते. प्रेते काढणार कोण? प्रशासनाने आजूबाजूच्या शहरांतल्या नगरपालिकांमधून सफाई कामगार आणले. त्यातले बहुसंख्य दलित होते. मदुराईसारख्या दूरच्या शहरातूनही माणसे आली. त्यांनी दिवसेंदिवस कुजलेली प्रेते बाहेर काढली, उचलली, पुरली. अनेकांकडे धड हातमोजे नव्हते, पायात बूट नव्हते, नाकावर बांधायला फडक्यापलीकडे काही नव्हते. त्या दिवसांत आलेल्या बातम्यांमध्ये हे नोंदलेले आहे.

इथे आरोग्यशास्त्रातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. आपत्तीनंतर लोक समजतात की प्रेतांमुळे गावभर साथ पसरेल. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन सांगते की नैसर्गिक आपत्तीत मेलेल्यांच्या देहांमुळे सर्वसामान्य लोकांत साथ पसरण्याचा धोका अगदी कमी असतो. मेलेली माणसे आजाराने नाही, जखमांनी किंवा बुडून मेलेली असतात. खरा धोका असतो तो प्रेतांना रोज हात लावणाऱ्यांना. रक्तातून पसरणारी कावीळ, क्षयरोग, पोटाचे विकार हे त्यांच्या वाट्याला येऊ शकतात. म्हणजे अख्खे गाव ज्या भीतीने लांब उभे होते तिला फारसा आधार नव्हता, आणि ज्यांना खरी भीती होती त्यांना हातमोजे नव्हते. याहून नेमके चित्र जातिव्यवस्थेचे दुसरे कोणते असेल?

आता शब्दांकडे बघा. २०१८ साली केरळात महापूर आला तेव्हा मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर घालून आत शिरले आणि हजारो माणसांना त्यांनी वाचवले. मुख्यमंत्र्यांनी त्यांना केरळचे सैन्य म्हटले, त्यांचे सत्कार झाले. ते झालेच पाहिजेत, कष्टकऱ्यांच्या धैर्याचा मान झाला याचा आम्हाला आनंदच आहे. पण नागपट्टिनमच्या सफाई कामगारांना कोणी सैन्य म्हटले? त्यांची नावे तरी कोणाला माहीत आहेत? जिवंत माणूस पाण्यातून काढला की शौर्य. मेलेला माणूस चिखलातून काढून त्याला माणसासारखी माती दिली की ड्युटी. 'त्यांचे कामच आहे ते' या वाक्यात सगळे धैर्य गडप होते.

हे वाक्य आपल्याला नवीन नाही. मेलेली जनावरे ओढणे, सरणाची लाकडे वाहणे, मरणाची बातमी घेऊन गावोगाव पळणे ही कामे महारांच्या माथी वतन म्हणून होती. त्या वतनाच्या बेडीतून सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. कागदावर वतन गेले. पण गावावर संकट आले की ते जुने वतन पुन्हा जागे होते. कोणी 'वतन' म्हणत नाही इतकेच. म्हणतात, "तुम्हाला सवय आहे."

नागपट्टिनमची दुसरी गोष्ट पाण्याची आहे. त्सुनामीनंतर युनिसेफने पिण्याच्या पाण्याच्या टाक्या बसवल्या. काही ठिकाणी दलितांना त्या टाक्यांचे पाणी घेऊ दिले नाही, पाणी बाटेल म्हणून, अशी बातमी वृत्तसंस्थेने दिली होती. निवाऱ्याच्या छावण्यांमध्येही दलित कुटुंबांना वेगळे काढले गेले, काही ठिकाणांहून हाकलले गेले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेला होता. टाकी आंतरराष्ट्रीय संस्थेची होती, प्लास्टिकची होती, नवीकोरी होती. बाटण्याची कल्पना तेवढी जुनीच होती.

मग अडवणारे कोण होते, कोणी फार वरच्या जातीचे? बहुतेक ठिकाणी ते मासेमार समाजाचे लोक होते. त्सुनामीत सर्वांत जास्त माणसे त्यांचीच मेली होती. घरेदारे, होड्या, जाळी सगळे त्यांचे गेले होते. त्यांच्या दुःखाबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. पण सर्वस्व गेलेला माणूससुद्धा एक गोष्ट सोडायला तयार होत नाही, ती म्हणजे आपल्या खालची पायरी. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. या उतरंडीत अगदी तळाचा सोडला तर प्रत्येकाला तुडवायला कोणीतरी असतो, म्हणून पिळले जाणारे सगळे एकत्र येत नाहीत. एरवी पुस्तकात वाचून कळणारी ही गोष्ट त्या छावण्यांमध्ये उघडी पडली. अंगावरच्या कपड्यांनिशी उरलेली माणसेही जात बरोबर घेऊन आली होती. लाटेला ती वाहून नेता आली नाही.

तिसरी गोष्ट नुकसानीच्या मोजणीची. ज्याची होडी गेली त्याला होडी, जाळे गेले त्याला जाळे. हे बरोबरच. पण त्या किनाऱ्यावर दलितही जगत होते. कोणी खाडीत हाताने मासळी पकडत होता, कोणी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन विकत होती, कोणी मिठागरात, कोणी जमीनदाराच्या शेतात राबत होते. शेतात खारे पाणी शिरले तेव्हा नुकसान शेतमालकाचे लिहिले गेले. त्या शेतात पुढच्या हंगामात जिला काम मिळणार नव्हते, तिच्या नावापुढे लिहायचे काय? तिच्याकडे होडी नव्हती, जाळे नव्हते, शेत नव्हते. मग व्यवस्थेच्या लेखी तिचे काही गेलेच नाही.

हे सगळे दूर तामिळनाडूत घडले असे समजून कोणी सुटकेचा श्वास टाकू नये. आपल्या किल्लारीकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक झोपले होते. चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. सुमारे ८ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, यांनी झोपेतल्या माणसांचा जीव घेतला. हलक्या छपराची झोपडी पडली तरी आतला माणूस बऱ्याचदा वाचला. निसर्गापुढे सगळे सारखे नसतात याचा हा उलटा पुरावा, तोही खरा आहे आणि लपवण्याचे कारण नाही.

पण पुढे काय झाले? जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम आला. ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. घरे नवी, रस्ते नवे, गाव नवे. सगळे नव्याने मांडायची अशी संधी इतिहासात क्वचित येते. आणि त्या नव्या गावात घराचा आकार कशावरून ठरला? भूकंपाआधी कुटुंबाकडे किती जमीन होती त्यावरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फूट. सात हेक्टरांच्या वर जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट.

या नियमात जातीचा शब्दही नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण मराठवाड्यात भूमिहीन कोण आणि सात हेक्टरांचा धनी कोण, हे सांगायला जनगणना लागत नाही. जमीन जातीने वाटलेली, आणि घर जमिनीने वाटलेले. मधला शब्द गाळला की जे उरते ते वाचा. घर जातीने वाटलेले. श्रेणीबद्ध विषमता आता पोथीत नव्हती, काँक्रीटमध्ये होती, आणि तीही टेपने मोजून.

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो. तो टाळून चालणार नाही. "ज्याचा वाडा पडला त्याचे नुकसान जास्त, मग त्याला मोठे घर नको का? आणि सरकारला काहीतरी नोंद धरूनच वाटप करावे लागते." पहिल्या मुद्द्याचे उत्तर असे की भरपाई आणि पुनर्वसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडलेल्या वाड्याची किंमत द्यायची तर द्या, त्याचा वेगळा हिशेब करा. पण डोक्यावर छप्पर ही गरज आहे आणि गरज डोकी मोजून ठरते, हेक्टर मोजून नाही. भूमिहीनाच्या घरातल्या सहा माणसांना झोपायला जमीनदाराच्या घरातल्या सहा माणसांइतकीच जागा लागते. दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर असे की नोंद हवी हे खरे, पण कोणती नोंद धरायची हा निर्णय असतो. सातबारा धरता येतो, तशीच रेशनकार्डावरची माणसेही धरता येतात, बुडालेले मजुरीचे दिवसही धरता येतात. सातबारा निवडला की निकाल आधीच लागलेला असतो.

भुजचेही असेच. २६ जानेवारी २००१, प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी भूकंप झाला. सरकारने धान्य आणि रोख मदत कागदावर सर्वांना सारखी ठरवली. पण निवारा, वीज, नळाचे पाणी यांत दलितांच्या आणि मुस्लिमांच्या छावण्या मागे राहिल्या, हे मानवाधिकार संघटनांनी नोंदवले. संविधान अमलात आल्याच्या ५१ व्या वाढदिवशी जमीन हादरली, आणि दुसऱ्याच आठवड्यात समतेच्या कलमाची परीक्षा छावणीच्या नळावर झाली.

आता आमच्या डोळ्यांसमोरचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही काही कार्यकर्ते सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात मदत घेऊन गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना तिथेच राहायचे आहे. बौद्धवस्ती ओढ्याच्या अंगाला, सखल. पाणी आधी तिथे शिरले आणि सर्वांत शेवटी तिथून उतरले. वस्तीतल्या पोरांनी आपली म्हातारी माणसे शाळेत पोचवली आणि मग गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडून मळ्यांवर अडकलेल्यांना आणायला गेली. काहिलीला ना वल्हे ना सुकाणू. ती पाण्यात गरगर फिरते. एकाने आत बसून तोल सांभाळायचा, दोघांनी कडेला धरून पोहायचे. अशा किती फेऱ्या झाल्या ते त्यांनीही मोजले नव्हते. कोणाच्या मळ्यावर जायचे आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न त्यांच्यात निघाला नाही.

पाणी उतरले. गुडघाभर गाळ, त्यात मेलेली जनावरे, सगळीकडे घाण वास. वस्तीवर निरोप आला, "तुमची पाच-सहा पोरं पाठवा जनावरं ओढायला. तुम्हाला सवय आहे." निरोप आणणारा माणूस वाईट नव्हता. त्याला त्यात काही चूक आहे असे वाटतही नव्हते. काहील घेऊन गेलेल्यांपैकीच एक पोरगा शांतपणे म्हणाला, "दादा, पाण्यातनं माणसं काढायची सवय बी आमाला न्हवती. तवा कुणी इचारलं न्हाई." मग त्याने अटी सांगितल्या. हातमोजे आणि गमबूट आणा, मजुरी ठरवा, आणि प्रत्येक गल्लीतली दोन-दोन माणसे आमच्याबरोबर येऊ द्या. गाव सगळ्यांचे, तर घाणही सगळ्यांची. बराच वेळ कुजबुज झाली. दुपारी जेसीबी आला. म्हणजे जेसीबी मिळण्यासारखा होताच. तो सकाळी कोणाला आठवला नव्हता, कारण त्याहून स्वस्त हात नेहमीच्या जागी होते.

दुसरा प्रसंग पंचनाम्याचा. यादी झाली असे कळले, पण वस्तीतली बरीच नावे तिच्यात नव्हती. कारणे ठरलेली. घर गायरानात, म्हणून नोंद नाही. घराचा नमुना आठचा उतारा अजून आजोबांच्या नावावर, आजोबा वारून वीस वर्षे झाली. तीन भावांचे तीन संसार, पण रेशनकार्ड एक, म्हणून कुटुंब एक. बायको नांदायला आलेली, तिचे नाव अजून माहेरच्या कार्डावर. एकही कारण खोटे नव्हते आणि एकातही जातीचा उल्लेख नव्हता. त्या दिवशी वस्तीतली एक मावशी, शेतमजुरी करणारी, अंगठा उठवणारी, ग्रामपंचायतीसमोरच्या गर्दीत उभी राहून म्हणाली, "भाऊसाहेब, यादी मोठ्यानं वाचा. समद्या गावाला ऐकू जाऊ द्या." कोणी म्हणाले, नंतर बघू. ती हलली नाही. तिच्या मागे आणखी आठ-दहा बाया येऊन उभ्या राहिल्या. शेवटी यादी वाचावी लागली. वाचताना ज्यांचे घर भिजलेच नव्हते अशी दोन नावे निघाली तेव्हा गर्दीतच हशा पिकला. आमच्या वस्तीची काही नावे त्यानंतर चढली, काही लोंबकळत राहिली.

त्याची किंमतही लिहिली पाहिजे. ज्या मळ्यात मावशी दरवर्षी भांगलणीला जायची, तिथून त्या हंगामात तिला बोलावणे आले नाही. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. फक्त बोलावले नाही. पुरात बुडालेल्या घरावर ही दुसरी आपत्ती, आणि तिचा पंचनामा कोणतेही कार्यालय करत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की आपत्तीतल्या धैर्याची व्याख्या आपण बदलली पाहिजे. पाण्यात उडी मारायला धैर्य लागतेच. पण पाणी उतरल्यावर, ज्यांच्या शेतात उद्या कामाला जायचे आहे त्यांच्यासमोर उभे राहून 'यादी वाचा' म्हणायला जे लागते, तेही धैर्यच आहे. पहिल्या धैर्याला गावाची टाळी मिळू शकते. दुसऱ्याला मिळत नाही, उलट गावाचे दार बंद होते.

आणि हे धैर्य एकेकट्याच्या काळजावर सोडून चालणार नाही. त्याला संघटनेचा आणि कायद्याचा आधार हवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चे कलम ६१ आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे. मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. त्सुनामीला वर्ष पुरे होण्याच्या तीन दिवस आधी, २३ डिसेंबर २००५ ला, या कायद्याला मंजुरी मिळाली. पण ते कलम वापरले गेल्याचे किती ठिकाणी ऐकायला मिळते? कलम पुस्तकात आहे. तक्रार लिहिणारा हात गावात हवा.

पुढच्या पावसाळ्याआधी करण्यासारखी कामे सांगतो, मित्रांनो. घरांचे उतारे वारसांच्या नावावर करून घ्या. विभक्त कुटुंबांची रेशनकार्डे वेगळी करून घ्या. गायरानातल्या आणि गावठाणाबाहेरच्या घरांच्या नोंदीसाठी आत्ताच अर्ज द्या, कारण घराच्या मदतीचे निकष अधिकृत बांधकाम मागतात आणि तिथेच आपली माणसे गळतात. पंचनाम्याच्या वेळी वस्तीतले दोन साक्षर तरुण सोबत ठेवा, फोटो काढा, सह्या वाचून करा. यादीचे चावडीवाचन मागा, नाही झाले तर माहिती अधिकारात प्रत मागा. उपजीविकेचे साधन बुडालेल्या कुटुंबांना रोजच्या मदतीची तरतूद राज्य आपत्ती निधीच्या निकषांत आहे. मजुरांसाठी तिची मागणी लेखी करा. सफाई कामगारांना आपत्तीच्या कामावर नेले तर साधने, विमा आणि जादा मजुरी यांशिवाय कोणी जाणार नाही, हे त्यांच्या संघटनेने आधीच कळवावे. आणि 'यादी वाचा' म्हणणाऱ्या बाईचे काम तुटले तर तिच्या घरी धान्य आधी पोचले पाहिजे, भाषण नंतर.

हे सगळे कारकुनी वाटेल. पण कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते याच कागदासाठी, पायाखालच्या जमिनीवर आपले नाव असावे यासाठी. ती लढाई अर्धी राहिली, म्हणून प्रत्येक पुरात आपण यादीबाहेर पडतो. ओढ्याकाठची सखल जागा आपण निवडलेली नव्हती. ती आपल्याला दिली गेली. उंचावरच्या सुरक्षित जागेची मागणी म्हणजे दया मागणे नव्हे, ती जमिनीच्या लढ्यातली उरलेली बाकी आहे.

यापुढे कोणी आपल्याला सांगितले की संकट जात पाहत नाही, तर भांडू नका. म्हणा, अगदी बरोबर. मग नुकसानीची यादी आणा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.

जय भीम!